लोणी वाहणाऱ्या ट्रकचे धाकटे इंजिन

जरा जपून, मित्रांनो, माझ्या पत्र्याला हात लावाल तर चटका बसेल. हिंगणघाटच्या या गॅरेजमागे मी दिवसभर उन्हात उभा असतो. पण एके काळी माझ्या पोटात भर मे महिन्यातही अंगावर शहारे यावेत असा गारवा असे. मी एक जुना थंड डब्याचा ट्रक आहे.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास ताराचंदशेठनी मला विकत घेतले. माझ्या पाठीवर जाड भिंतींचा बंद डबा बसवला आणि डब्याच्या कपाळावर एक वेगळे, लहानसे इंजिन. मोठे इंजिन मला चालवी आणि धाकटे डबा थंड ठेवी. मी उभा राहिलो तरी धाकट्याने थांबायचे नसे. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

मी हैदराबादला लोणी नेत असे. माझे चालक लक्ष्मणराव यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा नवा माणूस तयार करायचे ठरले. अल्लीपूरच्या रूपरावने अर्धे आयुष्य बैलगाडीतून सरकी काढणाऱ्या जिनात कापूस वाहिला होता आणि मग कापसाचे ट्रक चालवले होते. कापसाचे काम हंगामापुरते असते, लोण्याचे बारमाही. म्हणून माझी किल्ली मिळावी, अशी त्याची फार इच्छा होती.

लक्ष्मणरावांनी त्याला हातचे न राखता शिकवले. पेट्या भिंतीला खेटून रचू नये, थंड हवेला फिरायला वाट ठेवावी. दार उघडले की लगेच लावावे. आणि दारावरच्या तापमानाच्या काट्याकडे आपल्या लेकराच्या तापाकडे पाहावे तसे पाहावे. रूपराव सारे शिकला. पण त्याचा जीव बैलवाल्याचा होता. गाडी थांबली की तो माझ्या बॉनेटवर थाप मारी आणि पुटपुटे, "शाबास रे राजा."

पहिल्याच खेपेला आम्ही वडनेरला जेवायला थांबलो. जेवून लक्ष्मणराव बाजेवर आडवे झाले. रूपराव माझ्याजवळ आला. धाकटे इंजिन धडधडत होते. त्याने ते हळूच बंद केले.

लक्ष्मणरावांना जाग आली ती त्या शांततेनेच. काटा कितीतरी वर चढला होता. त्यांनी पेटी उघडून लोण्यावर अंगठा टेकवला, तर तो आत रुतला.

"इंजिन काऊन बंद केलं?"

"सकाळपासून चालून राह्यलं होतं, उस्ताद," रूपराव खाली मान घालून म्हणाला. "म्हटलं, त्याले बी दम घेऊ द्या."

"बैल आहे काय तो? त्याले दम दिला अन् लोण्याचा जीव घेतला तू."

ताराचंदशेठनी रूपरावला आणखी एकच खेप दिली. तीत चूक झाली, तर पुन्हा कापसाकडे जायचे. लक्ष्मणराव सोबत बसणार होते, पण काही सांगणार नव्हते.

त्या खेपेला वडनेर मागे टाकल्यावर माझी क्लच प्लेट जळाली. भर दुपार, रखरखीत रस्ता, आणि मी जागचा हलेना. रूपरावने हिंगणघाटकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ मिस्त्रीसाठी निरोप दिला आणि आधी धाकट्या इंजिनाची टाकी पाहिली. डिझेल तळाला गेले होते. त्याने माझ्या मोठ्या टाकीत रबरी नळी घातली, तोंडाने डिझेल ओढले आणि धाकट्याची टाकी भरली. त्या दिवशी त्याला चहासुद्धा डिझेलचाच लागला.

पण माझा डबा उन्हात तापत होता. पुढे रस्त्याच्या कडेला एक मोठे कडुनिंबाचे झाड होते. शेजारच्या शेतात महादेवराव नावाचे शेतकरी वखर चालवत होते. रूपराव त्यांच्याकडे गेला आणि दोन बैलजोड्या घेऊन आला. दोर माझ्या पुढच्या हुकांना बांधले. लक्ष्मणराव मुकाट्याने स्टिअरिंगवर बसले.

"तुह्या ट्रकाले आमचे बैल लागले म्हणायचे," महादेवराव हसले.

"लागतीलच भाऊ. तेच मोठे, हा तर कालचा," रूपराव म्हणाला आणि त्याने जिभेने 'टिच् टिच्' केले. बैलांनी माना खाली घातल्या, आणि मी सरकलो. मित्रांनो, पुष्कळ वाहने मी मागे टाकली. पण बैलांच्या मागे त्या सावलीत शिरलो, तेव्हाइतका ताठ मी कधीच चाललो नाही.

मिस्त्री येईपर्यंत धाकटे इंजिन धडधडत राहिले. एक बस थांबली, तिच्यातल्या लोकांना क्षणभर गार हवा हवी होती. रूपरावने त्यांना आपल्या मडक्यातले पाणी पाजले, पण दार उघडले नाही.

हैदराबादला लक्ष्मणरावांनी लोण्यावर अंगठा दाबला. तो रुतला नाही. शेवटची पेटी उतरली, तेव्हा त्यांनी किल्ली रूपरावच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आता कर बंद. आता त्याले दम घेऊ दे."

पुढे पोळ्याच्या आदल्या दिवशी रूपरावने मला अल्लीपूरला नेले. त्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून ते शेकतात. त्याच्या पत्नी विमलाबाई वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले, "याचा खांदा कोणता जी?" रूपरावने धाकट्या इंजिनाकडे बोट दाखवले. विमलाबाई शिडीवर चढल्या.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणारे कुणी घरी असेलच, मग तो बैल असो, सायकल असो की माणूस. त्याच्यावर माया करा, आणि त्याला काय हवे, केव्हा हवे, हेही शिकून घ्या. माझे धाकटे इंजिन आता बंद आहे. पण वर चढून पाहाल, तर त्याच्या पत्र्यावर हळदीचा पिवळा डाग अजून दिसेल.