अकरा खोट्या आवृत्त्या

दादा मला लवंगी म्हणतो, आणि ते काही उगाच नाही. माझी जीभ तिखट आहे. ऑफिसात साहेबाला तोंडावर सुनावणारी बाई मी, पण सख्ख्या भावाला एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली.

दादानं बावीस वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. लोक पत्ते कसेही लिहितात. घर नंबर शेवटी, मजला मध्येच, गल्लीचं नाव दोनदा. दादाचा प्रोग्रॅम तो गुंता सोडवतो आणि जे ते आपापल्या रकान्यात बसवतो. फुकट. कोणीही घ्या, वापरा, सुधारणा पाठवा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय! त्यात मीही ओढली गेले. दुरुस्त्या तो करायचा. तपासून नवी आवृत्ती मी काढायची आणि काय बदललं ते चेंजलॉगमध्ये लिहायचं. चेंजलॉग म्हणजे बदलांची वही, सगळ्यांना उघडी. आवृत्तीला तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, डोळे मिटून घ्या. मधला वाढला तर काहीतरी नवीन आलंय. पहिला वाढला तर सांभाळून, तुम्ही ज्यावर विसंबून होता ते मोडलंय. या बाबतीत दादा महा कडक. एकदा मी वहीतली माझी एक चूक गुपचूप पुसली, तर आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

मग त्याला विसरायचा आजार झाला. साठीही गाठली नव्हती त्यानं.

गेल्या वर्षी त्यानं पाठवलेली दुरुस्ती मी उघडून दोनदा वाचली. निम्मा प्रोग्रॅम खोडलेला, आणि वर लिहिलेलं, 'किरकोळ साफसफाई'. मी त्याला म्हटलं, दादा, हे चालायचं नाही. त्यानं वाद घातला नाही. दोन दिवस जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनीनं मला जिन्यात गाठलं.

"अगं, त्या कामासाठी सकाळी उठून दाढी करतो तो. तेवढं एकच राहिलंय त्याचं. ते तरी काढून घेऊ नकोस."

मग मी काय केलं? पुढची दुरुस्ती आली ती बाजूला ठेवली, प्रोग्रॅमला हातही लावला नाही, फक्त शेवटचा आकडा एकानं वाढवला, आणि त्याचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. आत माल तोच, डब्यावर चिठ्ठी नवी. सकाळी नऊला ऑफिसला जाताना मी त्याच्याकडे डोकावायची, तर हा चेंजलॉग उघडून तयार. ओळीवर बोट ठेवून म्हणायचा, "गेली बघ लोकांपर्यंत माझी दुरुस्ती!" चहा देताना वहिनी माझ्याकडे बघायची नाही.

अशा अकरा आवृत्त्या काढल्या मी. ४.७.३ पासून ४.७.१३ पर्यंत. कुणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला सांगायची.

एका सोमवारी गेले तर दादा ताठ बसलेला. नजर लख्ख. असे दिवस अजूनही अधूनमधून यायचे आणि मी त्यांचीच वाट बघायची. त्या दिवशी मात्र मनात आलं, मेलं आजच का!

"वाच," तो म्हणाला.

तक्रारींच्या पानावर, घरोघरी औषधं पोचवणाऱ्या एका छोट्या संस्थेतल्या बाईंनी लिहिलं होतं: 'आवृत्ती ४.७.९ च्या नोंदीत आहे की घर नंबर आणि मजला यांची गल्लत आता होत नाही. म्हणून आम्ही आमची वेगळी तपासणी काढून टाकली. पण गल्लत होतेच आहे. आमचे एक आजोबा तीन दिवस औषधाशिवाय राहिले, आता दवाखान्यात आहेत. नोंद वाचण्यात आमचं काही चुकलं का?'

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमचं काही चुकलं का म्हणे!

"मी त्या आवृत्त्या शेजारी शेजारी लावून बघितल्या," दादा म्हणाला. "अक्षराचा फरक नाही. अकराच्या अकरा सारख्याच. माझ्या दुरुस्त्या कुठायत?"

मी दाखवल्या. त्यानं एकेक वाचली. शेवटच्या दोनतीनमध्ये तर धड वाक्यंही नव्हती. तो रडला नाही. मीच रडले, तोंड दाबून, लहान पोरीसारखी.

"माझी दया यायची होती तर घरात यायची," तो म्हणाला. "लोकांच्या वहीत कशाला आणलीस?"

मी डोळे पुसले, तोवर त्यानं चेंजलॉग उघडला.

"नवी आवृत्ती काढ. ५.०.०."

"दादा, प्रोग्रॅममध्ये काहीच बदललेलं नाही. शेवटचा आकडा पुरे."

"लोक नोंदीवर विसंबून होते. ते मोडलंय. पहिला वाढव."

नोंद त्यानं स्वतः टाइप केली, दोन बोटांनी, अक्षरं शोधत. '४.७.३ ते ४.७.१३ या नोंदी खोट्या आहेत. त्यातली एकही दुरुस्ती झालेली नाही. कारण: दुरुस्त्या पाठवणाऱ्याला हे काम आता जमत नाही. यापुढे त्याच्याकडून काही घेऊ नये.' मी हातापाया पडून म्हटलं, निदान नाव नको. नको तर नको, म्हणाला. मग त्या बाईंना उत्तर लिहायला बसला, आणि थांबला. "हे तू लिही. हे तुझं आहे."

मजल्याची गल्लत मी दुपारी खरोखर दुरुस्त केली आणि तीही त्याच ५.०.० मध्ये घातली. अर्ध्या तासाचं काम होतं. वर्षभरात मला तो अर्धा तास मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नऊला गेले. दादानं दाढी केली होती. चेंजलॉग उघडा होता आणि बोट सगळ्यात वरच्या नोंदीवर फिरत होतं. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली.

"अरेरे," तो म्हणाला. "लवंगी, हा कोण गं, काम जमत नाही तो?"

वहिनी कप घेऊन आली होती, तिथेच थांबली.

"आहे एक," मी म्हटलं.

"बिचारा. अकरा आवृत्त्या होईपर्यंत त्याला कुणी सांगितलं नाही? घरी कोणी नाही त्याचं?"

"आहे. बहीण आहे."

"बहीण असून?" म्हणाला, आणि आपली कालची दुरुस्ती गेली का ते बघायला पान खाली सरकवू लागला.