उत्तरेला सरकलेला बांध

सायखेड्याच्या कोंडाजीला बांध कोरायची खोड होती. दरवर्षी नांगरट झाली, की बांधाची थोडी माती हळूच आपल्या वावरात ओढायची आणि वर साळसूदपणे घरी येऊन चहा मागायचा. अहो, पलीकडचं वावर परक्याचं असतं तरी एक वेळ समजलं असतं! ते होतं सख्ख्या धाकट्या बहिणीचं, चांगुणाचं. वडिलांनीच तिला दिलेलं, आणि ती गावातच नांदत होती.

दहा वर्षांत बांध चार हात सरकला. चांगुणाच्या ते ध्यानात आलं आणि तिने सरळ मोजणीचा अर्ज ठोकला. सोमवारी मोजणी. गावात शोभा होणार ती होणारच, पण चांगुणा एकदा तुटली की भाऊबीजेला दारात पाऊल ठेवायची नाही, हे कोंडाजीला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी त्याची मुलगी चैताली घरी होती. ती देवळाली कॅम्पच्या एका शाळेत भूगोल शिकवायची आणि उद्याचा पाठ मोठ्याने घोकत होती. भारत आफ्रिकेपासून तुटला, उत्तरेला सरकत सरकत आशियाला धडकला, हिमालय उठला, थंड वारे अडले, पावसाची तऱ्हाच बदलली. अजूनही वर्षाला पाचेक सेंटिमीटर सरकतोच आहे.

"उत्तरेला?" कोंडाजी ताडकन उठला. चांगुणाचं वावर उत्तरेलाच होतं! त्याने चैतालीला साक्षीदार म्हणून ओढतच बांधावर नेलं.

चांगुणा मेथी खुडत होती.

"चांगुणे, मी काय बी केलं नाय," तो छाती फुगवून म्हणाला. "अख्खा देशच आफ्रिकेपासून तुटून उत्तरेला चाललाय. आपला बांध एकटा कुठं थांबणार? विचार हिला."

"बाबा, दहा वर्षांत जेमतेम दोन वीत होतात," चैताली पुटपुटली. "चार हात नाही."

"आन् माझं वावर काय आफ्रिकेत हाय व्हय?" चांगुणा कडाडली. "देश सरकला तर ते बी सरकंल का नाय?"

चांगुणा चैतालीकडे वळली. "बरं पोरी, तुटलं त्याचं पुढं काय झालं?"

"तुकड्यांवरचे जीव वेगवेगळे वाढले, आत्या. मादागास्कर एके काळी आपल्यालाच चिकटलेलं होतं. आता तिथले कितीतरी प्राणी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. इतके बदलले, की आपल्याकडच्यांशी त्यांचं नातं शोधत बसावं लागतं."

"ऐकलंस, दादा?" चांगुणाचा आवाज एकदम उतरला. "तुझ्या-माझ्या नातवंडांचं बी असंच व्हायचं."

कोंडाजीला भडभडून आलं. लाजही वाटली. "चुकलो गं," एवढंच तो म्हणाला, आणि तिचंच फावडं उचलून बांध फोडून मागे आपल्या वावरात सरकवायला लागला.

"बाबा, जमीन अशी मागे येत नसते," चैताली हसू दाबत म्हणाली.

"येती! सांग तुझ्या पोरांना," कोंडाजी धापा टाकत म्हणाला. "बहीण डोक्यावर उभी पाहिजे फक्त."

"एक हात झाला," चांगुणा डोळे पुसत म्हणाली. "अजून तीन."