ठेवतले, काकी

दिशा मेस्त्रीने त्या ऑफिसात सुरुवातीचे दिवस केलं काय, तर प्रेझेंटेशनमधले ठिपके सरळ एका रेषेत आणले. मुलुंडला घरी आईला वाटत होतं, पोरगी बँकेत लागली. शेजारणीने तर फाटकी नोट बदलून मिळेल का म्हणून विचारूनही घेतलं. मग एकदा दिशाने आईला समोर बसवून सांगितलं, की ही बँक तसली नव्हे. इथे कोणी पैसे भरत नाही, काढत नाही. कोणाला आपली कंपनी विकायची असली की हे लोक गिऱ्हाईक शोधून देतात आणि मध्ये आपली दलाली घेतात.

"म्हणजे इस्टेट एजंटच ना?" आई म्हणाली.

"हो, पण सूट घातलेले."

आईचं नाव शकु. घाटकोपरला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. संध्याकाळी घरी आली की पायांवरचे पट्टे सोडत "हुश्श" करायची, आणि तो आवाज दिशाच्या अभ्यासाच्या मागे लहानपणापासून होता. आता कॉलेज संपत आलं होतं. उन्हाळ्याची ही इंटर्नशिप नीट पार पडली तर इथेच कायमची नोकरी. पण जागा एकच, आणि बाकीची इंटर्न पोरं मोठमोठ्या संस्थांतली, एकमेकांच्या बाबांना ओळखणारी. दिशाला कोण ओळखणार? तिचा साहेब तिला अजून "ए, तू, ब्लू कुर्ता" म्हणत होता.

साहेबाचं नाव किरण. पार्ल्याचा, मराठीच, पण आपण मराठी बोललो तर लिफ्ट बंद पडेल अशा बेताने ऑफिसात वावरायचा. त्याच्या गळ्यात त्या वेळी मालन राऊळ नावाचं एक लोढणं अडकलेलं होतं. मालनकाकींचा मरोळला मसाल्याचा कारखाना. नवरा गेल्यावर चाळीच्या खोलीत मिरच्या कांडून सुरुवात केलेली, आता मसाल्याच्या पाकिटावर त्यांचाच फोटो. एका बड्या कंपनीला ते नाव विकत हवं होतं. काकी ना हो म्हणत, ना नाही. किरण भेटायला गेला की सोलकढी पुढे करायच्या आणि उन्हाळा फार झाला म्हणायच्या.

एके दिवशी लॅपटॉप धरायला म्हणून किरणने दिशाला नेलं. काकींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू खंयची गो?"

दिशा घरीसुद्धा मालवणी बोलत नसे. आईनेच सोडायला लावली होती, कॉलेजात हसतील म्हणून. पण तोंडातून आपोआप आलं, "आमचो गाव आरोंदा."

"मगे उभी कित्याक? बस. जेवलंस काय?"

किरणने आपलं पार्ल्याचं शुद्ध मराठी पुढे केलं, तशी काकी म्हणाल्या, "सायबानू, तुम्ही बोललात की माका रेडिओ ऐकल्यासारखा वाटता. जरा गप ऱ्हवा, चेडू जेवता."

परतताना टॅक्सीत किरणने पहिल्यांदा तिचं नाव विचारलं. मग म्हणाला, "दिशा, उद्यापासून तू ठिपके-बिपके सोड. तू काकींकडे जायचं. रोज."

"जाऊन काय करू, सर?"

"जेव."

आणि खरंच, दिशाचं काम जेवणं हे झालं. बाकीची पोरं आकडे घोटत बसलेली आणि ही मरोळला बांगडा नाहीतर तिसऱ्या खाते आहे. "काय लाइफ आहे यार तुझी," पोरं म्हणायची. पण तिला आवडायला लागलं, हीच पंचाईत. कारखान्यात शिरलं की मिरचीचा ठसका लागायचा. डोक्याला फडकी बांधलेल्या बायका, बहुतेक गोवंडीच्या, "आलं गं काकींचं चेडू" म्हणून ओरडायच्या. काकींचं ऐकून ऐकून त्यांच्याही तोंडात पोरगीऐवजी तो मालवणी शब्द बसला होता. सोनूबाई नावाची एक पाकिटं बांधणारी तिच्या हातावर भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. काकी तिला पहिल्या गिरणीची गोष्ट सांगत, अमेरिकेतल्या मुलाची सांगत, ज्याला मसाल्याने आता ॲसिडिटी होते.

मध्ये एकदा घेणाऱ्या कंपनीची माणसं ऑफिसात आली. दिशा टिपणं घ्यायला बसली होती. त्यांचा मुख्य माणूस म्हणाला, की आम्हाला नाव हवंय आणि म्हातारीचा फोटो हवाय. मसाला आमच्या मोठ्या प्लांटवर होईल, मरोळ आम्ही लगेच बंद करू.

दिशाचा हात थांबला. ती माणसं गेल्यावर तिने विचारलं, "सर, मग त्या बायका?"

"सिनर्जी," किरण म्हणाला. माणसं कमी करण्याला ऑफिसात हाच शब्द होता. मग त्याने तिचा चेहरा बघून दार लोटून घेतलं आणि चक्क मराठीत बोलला. "हे बघ. काकींची सही झाली तर वरती मला तुझं नाव घ्यायला तोंड आहे. नाही झाली, तर तू उन्हाळाभर मासे खाल्लेस, एवढंच. कळतंय ना?"

कळत होतं. न कळायला ती काय लहान होती?

पुढच्या खेपेला काकींनी पान वाढलं, पण स्वतः घेतलं नाही. समोर बसून राहिल्या.

"विकूक माझी ना नाय गो. गुडघे गेले माझे, अमेरिकेतलो झील काय परत येवचो नाय. पण माझ्या बायकांचा काय होतला? तुझो सायब म्हणता, फॅमिली, फॅमिली. माका त्येचा कायएक समजत नाय. तू सांग. तू आपल्यातली. खोटा बोला नको. तेंका कामार ठेवतले मां?"

इंग्रजीत विचारलं असतं तर बरं झालं असतं. इंग्रजीत दिशापाशी दहा वाक्यं तयार होती, त्यांतलं एकही खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. मालवणीत तसली सोय नव्हती. आजी ज्या भाषेत तिला दृष्ट काढून मीठ-मिरची ओवाळायची, त्या भाषेत एक तर हो होतं, नाहीतर नाही. बाहेर गिरणी घरघरत होती. ताटातला भात गार होत होता. आई आत्ता दुकानात उभी असेल, असं तिच्या मनात आलं.

"ठेवतले, काकी," दिशा म्हणाली.

काकींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला हळद होती, तिचे केस पिवळे झाले.

"बोलव मगे तुझ्या सायबाक."

सही झाली. ऑफिसात केक कापला. किरणने सगळ्यांसमोर तिला पुढे ओढलं आणि म्हणाला, हे आमचं ब्रह्मास्त्र. टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, "ए दिशा, ते बोलून दाखव ना, ते कोकणी-बिकणी!"

"माका घराक जावचा आसा," दिशा म्हणाली.

"सो क्यूट!" म्हणून सगळे हसले आणि तिला केकचा मोठा तुकडा दिला.

नोकरी मिळाली. जागा एकच होती, ती तिची झाली. जुलैत रुजू झाली की पहिलं काम राजापूरला, तिथले एक काजूवाले आजोबा विकायला कां-कू करत होते. शकुने दुकानातल्या बायकांना पेढे दिले, इमारतीत दिले. फाटक्या नोटवालीला दोन दिले. दिशाचा मोबाइल वाजला तेव्हा ती स्वयंपाकघरात पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याची दोरी गुंडाळून ठेवत होती.

फोन मालनकाकींचा.

"चेडवा, आयकलंस? बायकांका काढल्यानी. सगळ्यांका. सोनूबाय फाटकार बसून रडता." मग त्यांचा श्वास ऐकू आला, धाप लागल्यासारखा. "माझोच फोटो लावन माझ्याच बायकांका भायर काढल्यानी गो. बायका माका म्हणतत, त्या चेडवाक म्हायत असतला. मी तेंच्यार आराडलंय. म्हटलंय, आमच्यातला चेडू तां, माझ्या पानात जेवलेला, तां खोटा बोलाचा नाय. होय मां? तुका पण फसवल्यानी मां?"

दिशा खिडकीशी गेली. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं. आईने मागून खुणेनेच विचारलं, कोण?

"होय, काकी," दिशा म्हणाली. "माका पण."

"माका म्हायत होता," काकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी आलं. "सोड ती नोकरी, बाय. ते लोक बरे नाय. आणि रडा नको."

दिशा रडत नव्हती. काकींना तसं वाटलं, आणि तिने तसंच वाटू दिलं.