व्याह्यांचं पाण्यावरचं इंजिन

धुळ्याचा तोताराम फिटर बिघडलेलं डिझेल इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचा, आणि कुणी काहीही सांगितलं तरी त्याचा विश्वास म्हणून बसायचा नाही. भाकरी टम्म फुगली तरी आत नुसती हवाच आहे ना, असं म्हणणारा माणूस. चाळीस वर्षांत त्याने पाण्यावर चालणारी तीन इंजिनं पाहिली होती, चुंबकावर चालणारी दोन. जगात क्रांती करायला निघालेल्या त्या प्रत्येक यंत्राच्या पोटात शेवटी डिझेलची नळी नाहीतर बॅटरीची वायर सापडलीच.

म्हणून चाळीसगावजवळच्या खेड्यातून व्याह्यांचा फोन आला, "तोतारामभाऊ, माझं इंजिन पाण्यावर चालायला लागलंय," तेव्हा तोताराम "येऊन बघतो" एवढंच म्हणाला. दुसरा कुणी असता तर तो फोनवरच खो खो हसला असता. पण हे झुलालनाना, निवृत्त मास्तर, त्याच्या मयुरीचे सासरे. मुलीच्या बापाने व्याह्याला खोटं कसं पाडायचं? आपण बोलून एसटीत बसणार, आणि त्या घरात राहायचं पोरीला. त्यात नानांनी रविवारी चाळीस माणसांना इंजिन बघायला बोलावलं होतं. त्याआधी जाणकाराने एकदा हो म्हणावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

तोताराम शुक्रवारी पोहोचला. विहिरीवरचं जुनंच इंजिन. त्याच्या ऑइलच्या चेंबरमधून निघालेली रबरी नळी पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत, आणि बरणीतून दुसरी नळी इंजिनाच्या हवेच्या तोंडाला. नानांनी इंजिन सुरू केलं, चांगलं तापू दिलं आणि डिझेलचा कॉक बंद केला. इंजिन आपलं चालूच! बरणीत बुडबुडे येत होते आणि नाना लहान पोरासारखे हसत होते. गेल्या वर्षी नानांच्या पत्नी प्रमिलाबाई गेल्या, त्यानंतर हाच माणूस सहा महिने ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. तोतारामला त्यांचं ते हसणं बघवेना.

दहा मिनिटांनी नानांनी हवेच्या तोंडावर फळी दाबली, तेव्हा कुठे इंजिन थांबलं. तोतारामला तिथेच कळलं. धूर निळा होता, वासही ओळखीचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, चेंबरमधली ऑइलची वाफ त्या नळ्यांतून परत इंजिनात जात होती. म्हणजे इंजिन पाणी पीत नव्हतं, स्वतःचंच ऑइल पीत होतं. असं इंजिन एखाद्या दिवशी कुणाचंच ऐकत नाही. वेग वाढत जातो आणि चाक फुटलं, तर जवळ उभ्या माणसाचं काही खरं नसतं.

"नाना, ऑइलची पट्टी बघू का जरा?"

"अवश्य बघा. मलाही आधी तीच शंका आली होती. दोन महिने रोज सकाळी आठला मोजतोय, थेंबभर कमी नाही."

पट्टीवर ऑइल जवळजवळ खुणेपर्यंत होतं. क्षणभर तोतारामचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. मग त्याने ते बोटावर घेतलं. दोन महिन्यांचं ऑइल काळंकुट्ट हवं, हे चांगलं ताजं होतं. त्याने मान वर केली. मयुरी चहा घेऊन आली होती, आणि बापाच्या नजरेला नजर देत नव्हती.

नाना फोनवर बोलायला घरात गेले तेव्हा त्याने हळूच अहिराणीत विचारलं, "पोरी, ऑइल कोन टाकस?"

"मीच टाकस, आबा. पहाटे दूध काढाले उठस तवय."

"कसाले?"

"पहिला दिन धूर देखा तवयच माले समजनं. सांगनार व्हतू. पन सासूबाई गयात तवयपासून नाना त्या दिन पहिलांदा हसनात." तिने एकदा घराकडे बघून घेतलं. "रविवारना भेव वाटना, म्हनीसन मीच नानास्ले सांगं, आबास्ले बलावा. तुम्ही सांगा, आबा. पन मनं नाव सांगू नका."

फिटरची पोर, धुरावरून रोग ओळखणारच. आणि ऑइल कुठलं? ट्रॅक्टरसाठी म्हणून तिने धुळ्याहून मागवलेलं. म्हणजे पाठवणारा तोतारामच! आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची लबाडी उघडी पाडली होती. इथली लबाडी पोरीच्या मायेची निघाली.

नाना परतले, मयुरी कप घेऊन आत गेली, तेव्हा त्याने एका दमात सांगून टाकलं. "नाना, रिंगा गेल्यात. इंजिन ऑइलवर चालतंय. रविवारी चालवू नका, जीव जाईल कुणाचा तरी."

नानांनी खिशातली वही काढली. "मग ही दोन महिन्यांची मापं खोटी?"

तोताराम गप्प राहिला. पण पस्तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला गप्प बसणाऱ्याचं उत्तर बरोबर ऐकू येतं. नाना हौदाच्या काठावर बसले.

"मी उठायच्या आधी इथे एकच माणूस येतं," ते म्हणाले.

तोतारामने हात जोडले. "पोरीला काही बोलू नका, नाना. बोलायचं ते मला बोला."

नानांनी बरणीतली नळी उपसून काढली. "दोन महिने मी तिला रोज या इंजिनाचं सांगतोय. मला वाटायचं, हिला काय कळतंय, ऐकून घेते बिचारी." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सगळं तिलाच कळत होतं."

मग त्यांनी मोठ्याने हाक मारली. मयुरी डोक्यावरचा पदर सावरत आली. नाना तिच्याकडे बघतच फोनवर कुणाशी तरी बोलू लागले.

"रविवारी नक्की या. नाही, पाण्यावर नाही चालत, माझं चुकलं. कुठे चुकलं, ते आमच्या सूनबाई इंजिन खोलून दाखवतील. हो, मयुरीच. मी तिच्या हाताशी उभा राहणार आहे."

"नाना," मयुरी घाबरून म्हणाली, "एवढ्या लोकांसमोर मला नाही बोलता येणार."

"येईल. दोन महिने गप्प बसलीस ना माझ्यासाठी? आता माझ्यासाठीच बोल."

ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. तोतारामने पिशवीतून आपला पाना काढला आणि पोरीच्या हातात दिला.