चार हातांनी भरलेली फी

विद्यापीठाचं पत्र आलं त्या सोमवारी सकाळी चौघा भावंडांतली थोरली उशांचे अभ्रे वाळत घालत होती. इस्पितळाच्या लाँड्रीत तेहतीस वर्षं मुकादमकी केलेली बाई. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अभ्र्याचं तोंड खाली आणि शिवण आत, ही शिस्त काही सुटली नव्हती. भाची धापा टाकत जिना चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, पैसे परत पाठवतायत!"

"कुणाचे?"

"सगळ्यांचे!"

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. तिला परदेशात जाऊन कृत्रिम हातपाय बनवायचं शास्त्र शिकायचं होतं. गॅरेजवाला मामा म्हणायचा, "म्हणजे माणसांचं गॅरेजच की! शीक बाई, माझे गुडघे कधीचे खडखडतायत." पोरीने दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं. परीक्षा दिली, शिक्षकांच्या मागे लागून शिफारसपत्रं मिळवली, आणि मधल्या मावशीचा शाळेत घालायचा कोट चढवून मुलाखतीला संगणकासमोर बसली. कॅमेऱ्यात न दिसणारी विजार मात्र घरातलीच. थोरलीच्या तरुणपणी शेजारचा एक मुलगा असाच परदेशी गेला होता. तेव्हा एका पत्राच्या उत्तराला दीड महिना लागायचा आणि पोस्टमन वळणावर दिसला की अख्खी गल्ली दाराशी यायची. भाचीने मात्र जागा मिळाल्याचं भाजी निवडता निवडता फोनवर वाचलं. अट एकच होती. पहिल्या वर्षाची अर्धी फी येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

फी तर पंधरा दिवस आधीच भरली होती. पण भरली होती ती या घराच्या रीतीने.

ही रीत पडली वडील गेले त्या वर्षी. त्यांच्या आजारपणात चौघा भावंडांचे पैसे थोरलीकडे जमा होत. वडील गेल्यावर चारच दिवसांत गॅरेजवाल्या भावाने सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, एवढे पैसे गेले कुठे?" थोरलीने इस्पितळाच्या पावत्या टेबलावर ओतल्या आणि सांगितलं, "यापुढे तुमच्या पैशाला मी हात लावणार नाही." तेव्हापासून घरात कुठलाही मोठा खर्च निघाला की जो तो आपला वाटा आपल्या हाताने भरून येई. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी चौघं एकाच खिडकीसमोर एकामागे एक उभी राहिली होती. छप्पर दुरुस्त करणारा तर मजुरीसाठी चार घरं फिरला आणि पुन्हा या घराच्या वाटेला गेला नाही.

भाचीची फीही तशीच भरली. चौघांनी, चार खात्यांतून.

एका मुलीच्या नावावर चार वेगवेगळ्या माणसांचे पैसे आलेले पाहून विद्यापीठाला शंका आली. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: पैसे ज्याचे त्याला परत जातील, अर्जात ज्या नातेवाइकाने खर्चाची जबाबदारी घेतली आहे, त्याच्याच खात्यातून पूर्ण रक्कम एकदम यावी. आणि अर्जात नाव होतं थोरलीचं. पेन्शन नियमित, मागे कुणी नाही, कागद स्वच्छ, म्हणून तेव्हा सगळ्यांनी तिलाच पुढे केलं होतं.

बुधवारी पैसे परत आले. गुरुवारी सकाळी सगळी थोरलीच्या दोन खोल्यांत जमली. धाकटी येता क्षणीच डोळे पुसायला लागली.

"रडून काय होणार आहे?" मधली म्हणाली. ती शाळामास्तरीण, घरातही वर्ग घेतल्यासारखी बोलायची. "ताई, तुझ्या खात्यात टाकायचे आणि तू पाठवायचे. सरळ गोष्ट आहे."

"सरळ असेल. पण मी शब्द दिलाय."

"अगं, पोरीची जागा जाईल!"

"ते मला कळत नाही का?" थोरलीचा आवाज फाटला. "पण उद्या कुणी विचारलं, ताई, पैसे कुठे गेले, तर? या वयात मी पुन्हा पावत्या ओतत बसू?"

भाची भिंतीला टेकून उभी होती. नखं खाऊन तिने बोटांची वाट लावली होती.

गॅरेजवाला एवढा वेळ रुमालाने हातांचं ग्रीस पुसत होता, जे रुमालाने कधीच निघत नाही. खाली बघतच तो म्हणाला, "तेव्हा मी वाटा अर्धाच दिला होता. गॅरेज नवीन होतं, हातात काही नव्हतं. तू सगळ्यांना सांगशील अशी भीती वाटली. म्हणून तू तोंड उघडायच्या आत मीच ओरडलो."

"माहितीये मला," थोरली म्हणाली.

"काय माहितीये?"

"अर्धा दिला होतास ते. पैसे माझ्याच हातात दिले होतेस ना? उरलेला मी घातला."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू विचारलंस कधी? तू विचारलंस ते भलतंच."

मधली हसली. मग रडता रडता धाकटीही हसली. भावाने खिशातून फोन काढला आणि काळ्या अंगठ्याने काहीतरी दाबलं. "खाते क्रमांक सांग, ताई. लवकर. माझा वाटा पहिला."

बँकेत चौघं आणि भाची अशी वरातच गेली. खिडकीतल्या बाईने थोरलीचे कागद तपासले, सह्या घेतल्या, शिक्का मारला आणि मान वर करून विचारलं, "पुढचे कोण?"

"पुढचं कुणी नाही," थोरली म्हणाली. "ही सगळी माझ्याबरोबरच आहेत."

"मग रांगेत का उभी आहेत?"

"सवय," गॅरेजवाला म्हणाला.

शुक्रवारी थोरलीने धुतलेले अभ्रे पुन्हा धुतले. दुपारी भाची आली ती जिन्यावरूनच ओरडत: "पोचले! जागा पक्की!" तिने पत्र वाचून दाखवलं, मग मावशीच्या सांगण्यावरून पुन्हा वाचलं, नावासकट आणि तारखेसकट. थोरली खुर्चीत बसली. सोमवारपासून खांदे कानांपर्यंत चढले होते, ते आपोआप खाली आले. भाचीला जवळ ओढून तिने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बराच वेळ फिरवतच राहिली.

तेवढ्यात गॅरेजवाल्याचा फोन आला. मागे कुठलंसं इंजीन घरघरत होतं.

"पोचले म्हणे?"

"पोचले."

"सुटलो बाई! आता विमानाच्या तिकिटाचं बघूया. माझा वाटा मी—"

"माझ्याकडे दे," थोरली म्हणाली. "नाहीतर चौघं मिळून चार तिकिटं काढू. पोरगी एकच आहे."