पडद्याचा पक्का टाका

राज्य स्थापन झालं त्या दिवशी व्यासपीठावरचा पडदा उघडलाच नाही. पाहुण्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग दोघांनी मिळून ओढली; मागची कोनशिला काही दिसेना. पडदा शिवणाऱ्या तरुण शिंप्याला बायकोने आदल्या दिवशीच बजावलं होतं, वर नुसता कच्चा टाका घाला, ओढला की सुटला पाहिजे. पण राज्याचं काम म्हणून यानं चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली. पडदा राज्याइतकाच टिकला असता.

नेमका त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला. सगळी गर्दी व्यासपीठाकडे बघतेय आणि पुढच्या रांगेतली एक बाई बोट रोखून भलतीकडेच ओरडतेय. ती शिंप्याची बायको, आणि भलतीकडे म्हणजे शिंप्याकडे. सरकारी दप्तरखान्यात त्या फोटोखाली लिहिलं गेलं, 'घोषणा देणारी तरुणी'.

आता राज्याला पन्नास वर्षं झाली. चौकात स्मारक उभारायचं ठरलं आणि समितीने हीच बाई निवडली. शिंप्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्याने दप्तरखान्यात जाऊन तिचं नाव सांगितलं. तिथल्या साहेबांनी ते आनंदाने लिहून घेतलं, पण घोषणा खोडायला तयार होईनात. इतकी वर्षं दिलेली घोषणा आता मागे कशी घ्यायची, असं त्यांचं म्हणणं.

ते शिंप्याने सोडून दिलं. पण मग शिल्पकार बाईंच्या कारखान्यात त्याने मातीचा पुतळा बघितला. हात तिचा, वेणी तिची, चेहरा मात्र कुणा देवीचा. डोळे आभाळाकडे. बायको आभाळाकडे बघायची ती कपडे वाळतील का एवढ्यापुरती. रोज चौकातून जाताना ही परकी बाई दिसणार आणि हळूहळू तोच चेहरा डोक्यात बसणार, ही त्याला धास्ती.

शिल्पकार बाई समजूतदार होत्या. फोटोत चेहरा पुसट आहे, दुसरा आणा, म्हणाल्या. परवा साचा घ्यायचाय. पण घरातल्या प्रत्येक फोटोत ती श्वास रोखून बसलेली.

मग त्याला मेहुणी आठवली. रागावली की हुबेहूब बहीण. अडचण एकच, ताई गेल्यापासून ती रागावतच नव्हती. पूर्वी दारातूनच सुरू व्हायची. आता डबा आणून द्यायची आणि हळूच म्हणायची, जेवून घ्या हं. त्या 'हं'ने त्याला घास उतरत नसे.

दुसऱ्या दिवशी तो तिला कारखान्यात घेऊन गेला. मुद्दाम सदरा उलटा घातला होता. असू द्या, होतं असं, म्हणाली. शिल्पकार बाई मातीने माखलेल्या हातांनी ताटकळत उभ्या.

"तुला म्हणून सांगतो," शिंपी म्हणाला. "त्या दिवशी चूक माझी नव्हती. दुहेरी शिलाई मारा, असं तुझ्या बहिणीनेच सांगितलं होतं."

मेहुणीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"भावोजी, गेलेल्या माणसावर ढकलता? मी होते तिथे, सुईत दोरा ओवून देत होते. ताई घसा फोडून सांगत होती. आणि तुम्ही? राज्य काय रोज होतं का, म्हणे."

बोट थेट त्याच्या नाकासमोर आलं. बाईंचे हात भराभर चालायला लागले. भुवई वर, नाकपुडी फुगलेली, खालचा ओठ डावीकडे जरासा ओढलेला. तो ओठ शिंपी पार विसरून गेला होता.

बोलता बोलता मेहुणीची नजर पुतळ्यावर गेली, मग बाईंच्या हातांवर. तिला सगळं कळलं. डोळे भरून आले.

"रडू नकोस," शिंपी घाईने म्हणाला. "ओठ सरळ होतोय."

तिने डोळे पुसले आणि बोट पुन्हा उगारलं.

"तोंडाने मागायला काय झालं होतं?" तिचा आवाज आपोआप चढला. "माणूस सरळ सांगतो, बाई गं, असं असं आहे. तुमचं कायम आडून आडून. दोन वर्षं गप्प बसले मी, तर तुम्हाला वाटलं..."

अजून कान राहिलाय, बाई पुटपुटल्या. शिंप्याने जवळचं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर ऐसपैस बसला.