हिमानीचा हेडफोन

शाळेत टॅब्लेट आले तेव्हा वर्गशिक्षिका तृप्तीने सगळ्यात आधी हिमानीला बसवलं. पोरगी तिसरीत आली होती आणि अजून अक्षरं लागत नव्हती. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी. ‘घरची बोली आडवी येते, दुसरं काय,’ असं आधीच्या बाई सांगून गेल्या होत्या. तृप्ती स्वतः मराठी घरातली. तिलाही ते पटलं होतं.

टॅब्लेटवरचं ते सॉफ्टवेअर कच्च्या वाचणाऱ्यांसाठीच होतं. हेडफोनमधून एक आवाज अक्षर सांगायचा, मुलाने ते पडद्यावर शोधायचं. चुकलं तर तोच आवाज, जराही न चिडता, “फिर से कोशिश करो” म्हणायचा. हिमानी सुरुवातीला चुकतच राहिली. मग एकाएकी तिला लागायला लागलं. अक्षरं झाली, काना-मात्रा झाल्या, छोटे शब्दही जमू लागले. शब्द मोठ्याने वाचला की सॉफ्टवेअर तो ऐकून चूक की बरोबर ते दाखवायचं.

तृप्तीला इतका आनंद झाला की तिने कौतुकाने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, आणि दचकून काढलाच. आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता.

“एवढा मोठा कशाला गं?”

हिमानी तिच्या ओठांकडे बघत राहिली. तृप्ती उठून तिच्या पाठीमागे गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, “हिमानी.” शेजारच्या मुलांनी वळून पाहिलं. हिमानी पडद्यावरच्या आंब्याच्या चित्रावर बोट फिरवत होती.

त्याच दुपारी तृप्ती जैनाबादला हिमानीच्या घरी गेली. आई मंगला नुकतीच केळीच्या बागेतून आली होती. हातांवर चिकाचे काळे डाग तसेच होते.

“लहानपणी कान वाहत व्हता तिचा,” मंगला म्हणाली. “तेल टाकलं, वाहायचा राहिला. मंग काही नाही झालं, मॅडम.”

“डॉक्टरांना दाखवलं होतं?”

“राहिला ना तो,” मंगला पुन्हा म्हणाली.

बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी इंदूरला पाठवलं. हिमानीचे वडील समाधान केळीच्या ट्रकवर दिल्लीकडे गेले होते, म्हणून मायलेकींसोबत तृप्तीच गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की डावा कान गेलेला आहे आणि उजव्याची नसही खराब होत चालली आहे. मशीन लावून थोडे दिवस निभेल. पुढे ऐकू येईलच असं नाही.

“ऐकू येतंय तोवर वाचायला शिकवा,” त्या तृप्तीला म्हणाल्या. “आवाज आणि अक्षर एकदा जुळलं की ते तिच्याजवळ राहील.”

परतीच्या गाडीत हिमानी आईच्या मांडीवर झोपली होती. खंडवा आलं तेव्हा मंगलाने तिच्या कानावरचे केस मागे सारले. मग म्हणाली, “वाचून तिले कळंल, मॅडम. पण मी बोलू कशी तिच्याशी? मले तर लिहिता येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मायलेकी दोघी टॅब्लेटसमोर बसू लागल्या. हिमानी धावत पुढे गेली. मंगलाचं बोट मात्र अडखळायचं. दिवसभर केळीचे घड वाहून आलेली बाई, ‘भ’ आणि ‘म’ मध्येच तिचे डोळे मिटायचे. तृप्ती तिला उठवत नसे.

थंडी सुरू झाली आणि उजवा कानही गेला. मशीन लावलेलं असायचं, हेडफोनचा आवाज शेवटाला असायचा, तरी हिमानी डोकं हलवून नाही म्हणायची. तिचे उच्चारही सैल पडत चालले. ती बरोबर वाचायची आणि सॉफ्टवेअर चूक दाखवायचं. शेवटी तृप्तीने सॉफ्टवेअरचं ते ऐकणं बंदच करून टाकलं.

मंगला अजून आपल्या नावापुढे गेली नव्हती.

एके दिवशी ती शाळा भरलेली असतानाच आली आणि दारातच उभी राहिली. “मॅडम, त्याच्यात तुमाले लिहिता येतं ना? माह्यं एक लिहून द्या तिले.”

तृप्तीने टॅब्लेटवर कोरं पान उघडलं. मंगला खालच्या आवाजात सांगत गेली, तृप्ती टाइप करत गेली. मध्ये तृप्तीचं बोट थांबलं.

“लिहा,” मंगला म्हणाली. “तसंच लिहा.”

हिमानीने टॅब्लेट मांडीवर घेतला. मनात वाचायचं तिला अजून कोणी शिकवलं नव्हतं. तिने शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आपला आवाज किती मोठा आहे हे आता तिला कळत नव्हतं.

“हिमानी बेटा. मी हाका मारायची. तू यायची नाही. म्हणून मी तुले मारलं. खूप वेळा मारलं. तुले ऐकू येत नव्हतं. मले माहीत नव्हतं.”

मंगला भिंतीकडे तोंड करून, पदर तोंडात धरून उभी होती.

हिमानीने पुन्हा एकदा शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग ती उठली, आईचा हात ओढून तिला आपल्याकडे वळवलं आणि तिच्या ओठांकडे बघत विचारलं, “आई, बरोबर वाचलं ना मी?”